गाठीखालचा केशर

आमच्या दारात आंब्याचं झाड आहे आणि ते केशर आहे. निदान आमच्या घरात तरी ते केशरच आहे, कारण आमच्या ह्यांनी तसं सांगितलंय. आमचे हे म्हणजे नानासाहेब. पाटबंधारे खात्यात कारकून होते. दुसऱ्यांच्या शेतात पाणी कधी सोडायचं हे जी माणसं ठरवतात, त्यांच्या फायली ह्यांनी जन्मभर सांभाळल्या, त्यामुळे शेतीतलं त्यांना सगळंच कळतं.

सिडकोत घर घेतलं तेव्हा पुढं न्हाणीघराएवढं अंगण मिळालं. तिथं लावायला केशरचं कलम आणायला गेलो, तेव्हा मीही सोबत होते. रोपवाल्यानं काळ्या पिशवीतलं रोप पुढं धरलं, बुंध्यावरची प्लास्टिकची पट्टी दाखवली नि म्हणाला, "साहेब, ही गाठ. गाठीच्या वर हाय ते केशर. खाली फुटंल ते गावरान. ते दिसलं की मोडून टाकायचं." मी ऐकलं. ह्यांनीही ऐकलं असतं, पण ते तेव्हा रोपवाल्याला केशर आंब्याची माहिती देत होते.

पहिल्या उन्हाळ्यात गाठीवरची काडी रुसून बसली. खालून मात्र तांबूस, लुसलुशीत फुटवा निघाला नि सरसर वर गेला. एका रविवारी हे कात्री घेऊन बसले आणि वरची काडी छाटून मोकळे झाले.

"अहो, तेच तर केशर होतं!"

"ती वाळकी काडी? तिला पट्टी बांधून आधार दिला होता नुसता. आता झाडानं स्वतःचा जोर धरलाय. बघ की, कसं तरारलंय."

"रोपवाला म्हणला व्हता, खालचं फुटलं की..."

"रोपवाल्याला रोपं विकायचीत. मला झाड वाढवायचंय."

झाड वाढलं. मी वाढवलं असं म्हणायची आमच्यात पद्धत नाही. आमच्या गावात नळ त्याच्या मर्जीनं येतो, म्हणून तांदळाचं, भाजीचं, भांडी विसळल्याचं पाणी बादलीत धरून मी त्याच्या आळ्यात ओतायची. हे खताचं बघायचे. म्हणजे संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला खताबद्दल सांगायचे.

मुलगा पुण्याला गेला आणि तिकडचाच झाला. फोनवर "आई, जेवलीस का?" विचारतो, आणि मी उत्तर देईपर्यंत त्याला दुसरा फोन येतो. झाडाला दुसरा फोन येत नाही. वैशाखात आमच्याकडं दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. तेव्हा ओट्यावर सावली धरून माझ्याजवळ कोण बसायचं? तसे घरात हे असायचे, पण ते घोरत असायचे.

सात-आठ वर्षं अशी गेली. मग एका दिवाळीत गंगापूरकडून थोरले दीर आले, पुंजारामभाऊ. ऊस, कापूस, दारात जीप, आणि धाकट्या भावाची थट्टा केल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही.

"काय नान्या, काय लावलंस हे? जांभूळ का?"

"केशर आहे, दादा."

"शहरात कुठं आंबा येतो का रं? हितं झाडाला मोबाईलचे टावर लागत्यात."

हे उठून उभे राहिले. पेन्शनीत निघालेला माणूस एरवी इतक्या झटकन उठत नाही. "या आखितीच्या सणाला ये तू. माझ्या दारचा केशर खायला घालतो. केशर निघाला नाही, तर तुझ्यादेखत झाड पाडतो!"

"बोललास हां. सगळ्यांनी ऐकलंय."

मी पदर डोक्यावर घेऊन आत चहा गाळत होते. मीही ऐकलं. घरात रंग द्यायचा शब्द ह्यांनी तीन दिवाळ्यांपूर्वी दिला होता, तो अजून भिंतीला लागायचा आहे. पण असला शब्द हे पाळणारच. दुसऱ्या आठवड्यात शहागंजच्या बाजारात जाऊन नवी कोरी कुऱ्हाडही घेऊन आले. "लागणार नाही म्हणा," मला म्हणाले, "पण तयारी असावी."

त्या वर्षीच नेमका झाडाला मोहर आला. असा आला की पानं दिसेनात. एरवी मला आनंद झाला असता. आता कैरी जरा मोठी दिसली की मी दारामागची कुऱ्हाड बघून यायची.

पहिली कैरी वाऱ्यानं पडली, ती मी आणि शेजारच्या फहमिदानं भिंतीपाशी उभं राहून मीठ लावून खाल्ली. फहमिदाचा एक डोळा मिटला तो उघडेना.

"या अल्ला! भाभी, केशर इत्ता खट्टा रहता क्या? ये तो अचार का आम है."

"हळू बोल, आत आहेत."

"मालूम नहीं उनको?"

"चाखतील तर कळंल ना!"

आमच्याकडं आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांना आंब्याचा नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी आंबा तोंडात घालत नाही. हा नेम पिकल्या आंब्याचा. कैरी कुणीही खातं. पण ह्यांचा धर्म जरा जास्त कडक. दारचं पहिलं फळ पितरांचं, म्हणून त्यांनी कैरीचीसुद्धा फोड चाखली नाही, मला वरण आंबट करू दिलं नाही. ज्या एका फोडीनं सगळा उलगडा झाला असता, ती त्यांनी पुण्याईसाठी सोडली.

आखिती त्या वर्षी उशिरा होती, त्यामुळे झाडावरच एक-दोन आंबे पिकले, पाड लागला. ह्यांनी बांबूला जाळी बांधून झेला केला आणि पाडाला आलेलं एकेक फळ देठासकट उतरवलं. खाली मी आणि बादली. फळं लिंबापेक्षा जराशी मोठी, गोल गरगरीत.

"लहान आहेत हो."

"पहिला बहार आहे."

"केशरला खाली चोच असती म्हणे."

"येईल. पिकताना येते."

आढी कोठीच्या खोलीत घातली. खाली गवत, वर गवत, त्यावर माझी जुनी गोधडी, आणि शेजारी राखणीला हे. चार-पाच दिवसांनी घरभर वास सुटला. वास झकास होता, फक्त केशरचा नव्हता. आमच्या माहेरी अजिंठ्याकडं ओढ्याच्या काठच्या झाडांखाली असा वास यायचा, गुरं बसायची त्या झाडांखाली.  गुरांचा उल्लेख त्यांना सोसला नसता.

आखितीच्या सकाळी पाण्याची मातीची घागर मांडली, तिच्या तोंडावर आमच्या झाडाचा सगळ्यात चांगला आंबा ठेवला. पुरणपोळी, कुरडया, भजी, आणि हातानं पिळलेला रस. मिक्सर लावला होता, पण पात्याला धागे गुंडाळून तो बंद पडला. ह्यांना सांगितलं, लाईट गेली. नैवेद्य दाखवला. कावळ्याचं पान कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलं, त्यातही एक आंबा.

दुपारी पुंजारामभाऊ जेवायला बसले. रसाची वाटी तोंडाला लावली. थांबले. दातातून एक लांब धागा ओढून काढला, उजेडात धरला नि असे हसले की ठसका लागला.

"नान्या, केशर म्हणतोस ह्याला? आरं ही गोटी हाय, गोटी! आपल्या बांधावरची गावरान, पोरं दगडं मारून पाडायची ती! आठ वर्षं खत घालून गोटी पिकीवली, वा रं पठ्ठ्या!"

ह्यांनी आपली वाटी उचलली, एक घोट घेतला. चेहऱ्यावर काहीच दिसू दिलं नाही, फक्त एक डोळा फहमिदासारखा मिटला. मग पानावरून उठले आणि दारामागची कुऱ्हाड घेतली.

"बोललो म्हणजे बोललो."

"आरं बस, जेव. थट्टा केली मी."

"नाही. शब्द आहे."

मी भाऊंच्या समोर ह्यांच्याशी कधी बोलत नाही. पदर पुढं ओढला नि भिंतीकडं बघून बोलले, "पाडा. शब्द मोडू नका. फक्त आधी घागरीपुढं जाऊन मामंजींना सांगून या, की सकाळी ज्या झाडाचं फळ तुमच्या पुढं ठेवलं, त्याला दुपारी कुऱ्हाड लावतोय. वरीसभर त्यांना दुसरा आंबा मिळणार नाय, तेवढं कळवलेलं बरं."

भाऊंचा घास हातातच राहिला. "नैवेद्याला ह्याच झाडाचं ठिवलं व्हतं?"

"पहिलं फळ पितरांचं, असं हेच म्हणतात. कैरीसुद्धा चाखली नाय ह्यांनी."

"अन् कावळा? कावळ्यानं घेतलं का?"

उत्तर भिंतीपलीकडून आलं. फहमिदा सगळं ऐकत होती, आणि ते लपवण्याचा तिनं कधी प्रयत्न केला नाही.

"कव्वा तो कब का ले के गया ना, भाईसाब! पोळी छोड दिया, भजे छोड दिया, आम उठाया, हमारी टंकी पे बैठ के खाया. गुठली मेरी मिरच्यां में डाल के गया, देखो!" आणि भिंतीवरून चोखून पांढरी झालेली कोय वर धरली.

पुंजारामभाऊंनी त्या कोयीला हात जोडले. "मग मिटलं. बाबा खाऊन गेले. ठिव ती कुऱ्हाड."

हे कुऱ्हाड धरून उभेच. एकीकडं शब्द, एकीकडं बाप. मग चेहरा हळूहळू उजळला. "मी काय म्हणलो होतो? केशर निघाला नाही तर पाडीन. पण हा केशर नाही कशावरून? बाबांनी खाल्ला म्हणजे केशरच असणार."

"आरं येड्या, बाबा गोटीच खायचे. केशर त्यांनी बघितला व्हता कुठं?" म्हणता म्हणता भाऊंनी वाटीतला उरलेला रस संपवला. मग त्यांनी वाटी पुढं केली. "वाढा अजून. लई आंबट हाय. बाबांना असाच लागायचा."

जाताना जीपमध्ये पिशवीभर घेऊन गेले. राहिलेल्या कैऱ्या फहमिदानं आणि मी उतरवल्या, लोणच्याला.

संध्याकाळी बघते तर हे झाडाखाली भिंतीकडं तोंड करून बसलेले, कोपरापर्यंत रस ओघळलेला, पुढ्यात कोयींचा ढीग.

"कसा आहे?" मी विचारलं.

"पुढच्या वर्षी गोड होईल. खत बदलतो." मग उठून त्यांनी माझी तांदळाच्या पाण्याची बादली उचलली आणि पहिल्यांदा स्वतःच्या हातानं झाडाला ओतली. अर्धं पाणी आळ्याबाहेर गेलं.  केशर कसा वाढवायचा, ते त्यांनाच कळतं.