मूळ मॅट्रिक्सला धक्का लागत नाही

बाबा गेल्यावर लोकांनी सांत्वनाचे फोन केले आणि समितीने चुकांची यादी पाठवली. समिती म्हणजे तीन माणसं. बाबांनी वीस वर्षं एकट्याने लिहिलेली रेषीय बीजगणिताची सॉफ्टवेअर लायब्ररी आता त्यांच्या ताब्यात आली होती. आकड्यांचे चौकोनी तक्ते, म्हणजे मॅट्रिक्स, घ्यायचे आणि समीकरणं सोडवून द्यायची, हे तिचं काम. पूल बांधणारे ती वापरत, हवामानवाले वापरत, आणि फुकट मिळत असल्यामुळे सगळेच सढळ हाताने तक्रारी करत.

कोड उत्तम होता. खटकत होत्या कोडवरच्या टिपा, म्हणजे कोणतं फंक्शन काय करतं हे माणसांना सांगणाऱ्या ओळी. समितीतल्या ज्येष्ठ गृहस्थांना सगळे 'चाळणी' म्हणत, कारण त्यांच्याकडे गेलेली गोष्ट क्वचितच पलीकडे पोचे. चाळणीने नियम काढला: जी टीप खरी नाही ती उडवायची. पहिलं उदाहरण म्हणून त्यांनी एकेचाळीस ठिकाणी आलेलं बाबांचं वाक्य दिलं: "शंका आल्यास मला विचारा." हे आता शक्य नाही, असं त्यांनी अत्यंत नम्रपणे नोंदवलं. एवढा शोध लावायला समितीला दोनच बैठका लागल्या.

मुलीने काम स्वतःकडे मागून घेतलं. तीही प्रोग्रामरच. पंधरा दिवसांत टिपा तपासून देते आणि मोकळी होते, असं तिने कळवलं. मनात मात्र ती एकेचाळीस वाक्यं वाचवायची होती. बाबांची बाकी एकही टीप खोटी निघाली नाही, तर एवढ्या एका वाक्याकडे काणाडोळा करायला चाळणीलाही जड जाणार नाही, असा तिचा हिशेब.

नऊ दिवस बाबा जिंकत होते. दहाव्या दिवशी समीकरणं सोडवणाऱ्या मुख्य फंक्शनवर टीप आली: "मूळ मॅट्रिक्सला धक्का लागत नाही." तिने चालवून पाहिलं. उत्तर अचूक आलं आणि मूळ मॅट्रिक्स ओळखू येईना. जागा वाचवायला फंक्शन तिच्यावरच खाडाखोड करत होतं. जुन्या नोंदी उघडल्या. अकरा वर्षांपूर्वी बाबांनीच कोड बदलला होता, आणि टीप तशीच ठेवली होती. तेव्हापासून लोक विचारत होते, आमची मॅट्रिक्स कुठे गेली, आणि बाबा प्रत्येकाला तीनच शब्द पाठवत होते: वरची ओळ वाचा.

आई स्वयंपाकघरात डबे पुसत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"यात नवीन काय?" आई म्हणाली. "साखरेच्या डब्यात मीठ भरायचे आणि चिठ्ठी तशीच. वर मलाच विचारायचे, वाचता येत नाही का म्हणून."

"मग तू चिठ्ठी का नाही बदललीस?"

"मी चाखून बघायचे." आईने डबा जागेवर ठेवला. त्यावर अजून 'साखर'च होतं. "तुझ्या त्या लोकांना चाखता येत नसेल, तर तू बदल."

तिने बदलली. 'हे फंक्शन मूळ मॅट्रिक्स पुसून टाकतं. ती पुन्हा लागणार असेल तर आधी प्रत काढून ठेवा. नंतर मिळत नाही.' शेवटचं वाक्य अनावश्यक आहे, असा चाळणीचा शेरा आला. तिने ते राहू दिलं.

मग त्या एकेचाळीस वाक्यांसाठी चाळणीचा फोन आला. आता ती खोटी आहेत हे तुम्हालाही मान्य असेल, असं ते म्हणाले.

"मान्य आहे," ती म्हणाली. "म्हणून खरी करते."

वाक्याला तिने हात लावला नाही. फक्त त्याखालचा बाबांचा ई-मेल पत्ता काढून स्वतःचा घातला, एकेचाळीस वेळा. पंधरा दिवसांचं काम असं जन्माला चिकटलं. चाळणीने दोन दिवस स्वतःचाच नियम उलटसुलट करून पाहिला आणि एकेचाळीसही वाक्यं पलीकडे जाऊ दिली.

चौथ्या दिवशी पहिली शंका आली. एका पूलवाल्याची मॅट्रिक्स हरवली होती, आणि त्याच्या मते यात लायब्ररीचा निव्वळ निष्काळजीपणा होता. तिने सविस्तर, सौम्य उत्तर लिहिलं, वाचलं, आणि खोडून टाकलं. मग तीन शब्द पाठवले.

अकरा वर्षांत पहिल्यांदाच ते उत्तर बरोबर होतं.