रहिमतुल्लाचं वेगळं ताट

माझ्या नवऱ्याला तुम्ही जिवंतपणी भूत केलंत, डॉक्टर. कॅन्सरने नाही. एका वाक्याने.

मानेला गाठ आली, दुखत नव्हती. इथे बहारीनमध्ये, गुदैबियातल्या दवाखान्यात विचारलं, तंबाखू? रहिमतुल्लाने आयुष्यात सुपारीसुद्धा चघळली नाही. मग घाबरायचं काही नाही म्हणाले, गोळ्या दिल्या. गाठ वाढली तेव्हा तुमच्याकडे आलो. तुम्ही स्क्रीनकडे बघत बोललात, “टॉन्सिलचा कॅन्सर. एचपीव्ही व्हायरस. शरीरसंबंधातून येतो.” आणि पुढचा पेशंट बोलावलात. माझा दीर शहजाद शेजारीच बसला होता.

आम्ही श्रीवर्धनचे. जुम्म्याला, शुक्रवारी, आमच्याकडे पुरुष एकाच थाळ्यात जेवतात, गुडघ्याला गुडघा लावून. त्या जुम्म्याला शहजादने थाळा स्वतःकडे ओढला.

“भाई, तू वेगळं घे. घरात पोरगी आहे.”

शहजादच्या रूमवर राहणारा गनी हसला. “रहिमभाय, तुमच्याएवढा सरळ माणूस बहारीनमध्ये नाही म्हणायचो आम्ही. छुपे रुस्तम निघालात!”

रहिमतुल्ला उठून स्वयंपाकघरात गेला. तेव्हापासून तो घरात आहे, आणि नाही. मी आत जाते तर नुसतं एक ताट, ओलं, ब्लीचचा वास मारणारं. आमची मुलगी लाईबा शाळेतून आली की तो खोलीचं दार लावून घेतो. दारापलीकडून त्याचं गिळणं ऐकू येतं, रेडिएशनने सोललेल्या घशाचं. मग कुजबुज. “कोण होती? कोण?” जुने चेहरे एकेक करून बोलावतो. त्यात मीही असेन, हे त्याला सुचत नाही.

लाईबाने विचारलं, “ममा, डिड अब्बा चीट ऑन यू?” माझा हात उठला आणि तसाच राहिला. मलाही तेच विचारायचं होतं.

रविवारपासून त्याने रेडिएशन सोडलं. “खलास,” दाराआडून म्हणाला. “बरा होऊन बसू कुणाच्या थाळ्यात?”

म्हणून आज मी एकटी आले. आणि तुम्ही मला चहा पीत, आरामात सांगता, की हा व्हायरस जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी लागतो. बहुतेकांचा आपोआप जातो. एखाद्याच्या घशात वीस-वीस वर्षं गप्प बसून राहतो. कुणाकडून आला ते कुणीच सांगू शकत नाही, बायकोकडूनही आलेला असेल. ताटातून लागत नाही. आणि हा कॅन्सर उपचारांना चांगली दाद देतो, फक्त ते पुरे व्हायला हवेत.

हे त्याला का नाही सांगितलंत?

“त्याने विचारलं नाही,” म्हणता.

विचारील कसा? सख्खा भाऊ शेजारी, तुमचा हात बेलवर. त्या खुर्चीत बसून तुम्ही तरी विचारलं असतं?

रहिमतुल्लाला फोन लावलाय मी. स्पीकर चालू आहे. शहजादला मुद्दाम घरी बसवून आलेय, तोही ऐकू दे. उचलला बघा. बोलत नाही तो हल्ली, पण श्वास येतोय ना ऐकू? मला जे सांगितलंत ते त्याला सांगताय की नाही, डॉक्टर?