कर्दनकाळाचा हुर्यो

कर्दनकाळाची कारकीर्द एका रविवारी दुपारी संपली, आणि ती त्याच्या होणाऱ्या मेव्हण्याने नुसत्या टाळ्या वाजवून संपवली. झालं, सांगून टाकलं. आता हे काही घडलंच नाही असं धरून चालू या. मेव्हणा स्वतः तसंच धरून चालतो.

तर, अजून काहीही घडलेलं नाही. कर्दनकाळ दुष्ट आहे, हॉल भरलेला आहे आणि सगळं कसं छान चाललंय.

मेव्हण्याला घरात धाकटा म्हणतात आणि हॉलमध्ये बोंबल्या. आठवडाभर तो एका दुकानात काचा कापतो. काच कापायच्या हिरकणीने रेघ ओढायची, खालून हलकेच टिचकी मारायची, की काच मुकाट्याने दुभंगते. या कामात आवाज चढवून चालत नाही. हात हलला की आरसा गेला. दुकानाचा मालक शिंकसुद्धा रस्त्यावर जाऊन देतो. त्यामुळे सोमवारपासून धाकट्याच्या पोटात जे काही साठत जातं, ते रविवारी कुस्तीच्या हॉलमध्ये बाहेर पडतं, आणि सगळंच्या सगळं कर्दनकाळाच्या अंगावर.

कुस्ती म्हणजे ती झगमगीत चड्ड्यांची, दोरांच्या रिंगणातली, पाठीत खुर्ची घालण्याची. कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं. हे धाकट्याला माहीत नसेल असं समजणारी माणसं त्याला सतत भेटतात आणि डोळा मारून सांगतात, "अरे, ते सगळं नाटक असतं."

"तुमचा संसार कसा चाललाय?" धाकटा विचारतो.

कर्दनकाळ हा त्या हॉलचा खलनायक. पंचाची पाठ वळली की समोरच्याच्या डोळ्यांत बोटं, पंच वळून बघतो तर हा हात जोडून उभा. त्याच्या विरुद्ध सज्जन पैलवान म्हणून वज्रदेह. वज्रदेहाचे दात इतके पांढरे की धाकट्याला त्याच्याकडे बघवत नसे. पण धाकटा प्रेम करायला जातच नव्हता. तो जायचा द्वेष करायला. पहिली रांग, मधोमध. त्याने हात वर केला की हॉल गप्प व्हायचा आणि हात खाली आला की असा हुर्यो उठायचा की छताचे पत्रे थरथरायचे. त्याच्या शेजारी छत्रीवाली आजी. ती बाराही महिने छत्री आणायची, कारण कर्दनकाळ दोराजवळ आला की त्याच्या पोटरीत खुपसायला हाताशी काहीतरी नको?

कर्दनकाळानेही त्यांना कधी निराश केलं नव्हतं. एकदा तर त्याने माईक हिसकावून थेट धाकट्याकडे बोट रोखलं होतं. "हा बघा! हा जन्मला तेव्हा याच्या आईने विचारलं होतं, बदलून मिळेल का?" अख्खा हॉल हसला होता. लोक पदक दाखवतात तसा धाकटा हा किस्सा सांगायचा.

असं सगळं सुखाचं चाललेलं असताना ताईने कर्दनकाळाला घरी आणलं.

ताई हॉस्पिटलात एक्स-रे काढते. कर्दनकाळाची बरगडी मोडली होती, खरीखुरी. ताई म्हणाली श्वास रोखा, त्याने रोखला. ताईचा फोन वाजला आणि ती "सोडा" म्हणायला विसरली. फोन संपवून बघते तर हा निळा पडत आलेला, पण श्वास रोखून उभा. "माझं एवढं आजवर कोणी ऐकलेलं नाही," ताईने आईला सांगितलं. लग्न ठरलं.

"आई, तो माणूस लोकांच्या डोळ्यांत बोटं घालतो!" धाकटा किंचाळला.

"तुझ्या घातली का?"

"माझ्या नाही, पण..."

"मग मध्ये मध्ये करू नकोस."

कर्दनकाळ आला. दारात त्याने बूट काढले आणि भिंतीला टेकवून जोडीने लावले. मग खाली वाकून धाकट्याचेही बूट सरळ केले. धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत येऊन कर्दनकाळाने खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि आईच्या औषधांच्या बाटल्यांवरचं बारीक अक्षर तिला वाचून दाखवलं. चहा झाल्यावर स्वतःची कपबशी विसळली. आईची विसळली. धाकट्याच्या हातात अजून चहा होता, तर बाजूला उभा राहून वाट बघू लागला.

"संपू द्या सावकाश," तो म्हणाला. "आणि खरं सांगू का? तुमचा आवाज रिंगणात येतो ना, अंगावर काटा येतो. घशाला काय घेता तुम्ही?"

"मला अहो-जाहो करायचं नाही," धाकटा म्हणाला. "'ए भिकारड्या' म्हण."

"घरात कसं म्हणू?"

"तुमच्यात नियम आहे! खलनायकाला चाहता हॉलबाहेर भेटला तर त्याचा अपमान करायचा. दुधाच्या दुकानात भेटला तरी करायचा. तू त्या पोस्टमनचा केला होतास, तो सगळ्यांना सांगत फिरतो."

"हो, पण नातेवाइकांना सूट असेल ना," कर्दनकाळ म्हणाला आणि धाकट्याच्या हातातली रिकामी कपबशी हळूच काढून घेतली.

मग तो रोजच यायला लागला. गळका नळ दुरुस्त केला. कपाटाचं करकरणारं दार गप्प केलं. आईला तर बोलायला विषयच मिळाला. "बघ. बघ आणि शीक काहीतरी. एवढा मोठा माणूस, पण आवाज म्हणून चढत नाही."

"आई, त्याने तुझ्यावरून विनोद केला होता. भर हॉलमध्ये. बदलून मिळेल का म्हणून."

"ते मी खरंच विचारलं होतं," आई म्हणाली.

याचा परिणाम रविवारी दिसायला लागला. कर्दनकाळ कोणाच्या डोळ्यांत बोटं घालायचा आणि धाकट्याला ती बोटं कपबशी विसळताना दिसायची. हात खाली यायचा, हुर्यो उठायचा, पण धाकट्याचा स्वतःचा आवाज आतून पोकळ. आजीने एकदोनदा छत्रीने त्यालाच ढोसलं. घरी येऊन तो पलंगावर पडून राहायचा. हा माणूस आपली ताई घेऊन चाललाय, त्याचं एवढं काही नव्हतं. ताई काय, येत-जात राहील. पण हा आपला शत्रू उचलून नेत होता. वर्षानुवर्षं जपलेला, खाऊपिऊ घातलेला, हक्काचा शत्रू. तो एकदा गेला की आठवडाभराचं पोटातलं कुठे नेऊन ओतायचं?

आणि एके दिवशी कर्दनकाळ काचेच्या दुकानातच येऊन उभा राहिला. मालक बघत होता म्हणून दोघे कुजबुजत बोलले.

"येत्या रविवारी मोठे मॅनेजर येणार आहेत," कर्दनकाळ म्हणाला. "कंपनीत दोन खलनायक झालेत. एकालाच ठेवणार. साहेब कुस्ती बघतच नाहीत हो, डोळे मिटून बसतात आणि हुर्यो ऐकतात. ज्याला जास्त तो राहणार."

"मग?"

"मग माझी नोकरी तुमच्या घशात आहे." त्याचे डोळे पाणावले. "मला मनापासून शिव्या घालाल ना? लाजू नका. जे सुचेल ते बोला. माझ्या वडिलांवरून बोललात तरी चालेल, त्यांना मी कळवून ठेवलंय."

धाकट्याच्या हातात आरशाची काच होती. तीत त्याला स्वतःचं तोंड दिसत होतं, आणि मागे तो भला थोरला, आशेने वाकलेला माणूस. आता आपण ओरडलो तर तो घरगुती मदतीचा प्रकार झाला. नळ दुरुस्त करण्यासारखा. आजवर ज्या शिव्या मनातून दिल्या त्या आता आहेरात द्यायच्या!

त्याने टिचकी मारली. काच सरळ दुभंगली.

"निश्चिंत राहा," तो म्हणाला.

रविवारी हॉल भरला. मॅनेजर बाजूच्या खुर्चीत डोळे मिटून बसला होता. कर्दनकाळ काळ्या झग्यात आला, दोरावर चढला, थुंकला आणि त्याने पहिल्या रांगेकडे पाहिलं. धाकट्याने हात वर केला. हॉल गप्प झाला. मॅनेजरने कान पुढे केला.

धाकट्याने हात खाली आणला आणि टाळ्या वाजवल्या. बक्षीस समारंभात दुसऱ्याच्या मुलाला बक्षीस मिळाल्यावर वाजवतात तशा.

"काय रे, ताप आलाय का?" आजीने विचारलं.

"आजी, टाळ्या वाजवा."

"त्या मेल्याला?"

"यातच त्याचं मरण आहे."

आजीने छत्री काखेत मारली आणि अशा काही हसऱ्या चेहऱ्याने टाळ्या वाजवायला लागली की त्यापेक्षा छत्रीचं टोक परवडलं असतं. मागच्या रांगांनी नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेकडे पाहिलं आणि नेहमीप्रमाणे तेच केलं.

कर्दनकाळ गडबडला. त्याने पंचाची पाठ वळायची वाटही न बघता वज्रदेहाच्या डोळ्यांत बोटं घातली.

"वा!" धाकटा म्हणाला.

खुर्ची पाठीत घातली.

"किती व्यवस्थित घातली, बघा!" आजी शेजारच्यांना म्हणाली.

त्याने माईक हिसकावला. "गप्प बसा, नालायकांनो! किड्यांनो!"

"अगदी बरोबर!" मागून कोणीतरी ओरडलं आणि पुन्हा टाळ्या.

मॅनेजरने एक डोळा उघडला. ते कर्दनकाळाने पाहिलं. मग तो दोराशी आला, इतका जवळ की त्याच्या कपाळावरचा घाम धाकट्याच्या गुडघ्यावर पडला, आणि माईकमध्ये म्हणाला, "हा माणूस! हा, पहिल्या रांगेतला! हा अजून आईकडून नखं कापून घेतो! पालीला घाबरून स्टुलावर चढतो! याच्या आईने काल मला सांगितलं, हा नसता तर मी कुत्रा पाळला असता!"

सगळं खरं होतं. आजवरचा सर्वोत्कृष्ट अपमान होता तो, खास मापाचा, घरचा माल वापरून केलेला. धाकट्याचे कान तापले. कित्येक आठवडे कोरडा पडलेला द्वेष उसळून घशाशी आला, पूर्वीसारखा, गरम, जिवंत. त्याचं तोंड उघडलंसुद्धा. समोर कर्दनकाळ ओठ न हलवता पुटपुटत होता, "बोला ना, बोला, प्लीज."

त्या प्लीजने घात केला. धाकट्याने शिवी गिळली.

"माहितीपूर्ण!" तो म्हणाला, आणि उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. अख्खा हॉल उभा राहिला.

पुढे वज्रदेहाने ठरल्याप्रमाणे कर्दनकाळाला उचलून आपटलं, तेव्हा लोक "अरेरे" म्हणाले. आजीने छत्री काढली आणि वज्रदेहाच्या पोटरीत खुपसली. मॅनेजर उठून निघून गेला.

घरी ताई दारातच उभी होती. "मिळालं समाधान? माझ्या नवऱ्याची नोकरी घालवलीस."

"होणाऱ्या."

"तोंड वर करून बोलू नकोस! दुसऱ्याचं भावंड असतं तर घसा फुटेपर्यंत शिव्या दिल्या असत्या. तुझ्याकडून तेवढंही झालं नाही."

धाकट्याला या सगळ्यात काही खोट दिसेना. शत्रू हरला होता, कायमचा हरला होता, आणि आता तो येऊन आपली मानगूट धरणार होता. त्या क्षणासाठी धाकटा सरळ होऊन उभा राहिला.

कर्दनकाळ आला. बूट काढले, लावले. धाकट्यासमोर आला आणि त्याला मिठी मारून हमसून हमसून रडला.

"आयुष्यात माझ्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या," तो म्हणाला. "शाळेतसुद्धा नाही. तुम्ही नोकरीची पर्वा केली नाहीत, प्रेम लपवलं नाहीत. हे उपकार मी फेडू शकणार नाही, पण जन्मभर प्रयत्न करेन."

त्याने तो लगेच सुरू केला. कंपनीची खोली सुटली म्हणून लग्नापर्यंत त्याचा बिछाना धाकट्याच्या खोलीत पडला. काचेच्या दुकानाच्या मालकाला मोठी तावदानं एकट्याने उचलणारा आणि मुळीच आवाज न करणारा माणूस हवाच होता. आता आठवडाभर तो काच धरतो आणि धाकटा कापतो. मध्येच तो म्हणतो, "काय सरळ रेघ ओढलीत, वा!" आणि धाकट्याचा हात हलतो.

हॉलमध्ये राहिलेला खलनायक आहे यमघंट. डोळ्यांत बोटं तोही घालतो. धाकटा गेला, मधोमध बसला, हात वर केला, खाली आणला. हॉल गरजला. धाकट्याच्या तोंडून किटली उतरवल्यावर येतो तसा एक आवाज आला. यमघंटाशी त्याची ना ओळख, ना देख. पुढच्या वेळी आजीने त्याला विचारलं, "भाऊजींना नाही आणलंस? गुणी माणूस हो," आणि त्या दिवसापासून हात वर करायचं काम तिने छत्रीने सुरू केलं.

तेव्हा धाकट्याने कंपनीला अर्ज केला. मसुदा भाऊजींनीच तपासला आणि शुद्धलेखन सुधारून दिलं. तो असा:

"मा. व्यवस्थापक यांसी, अर्जदार हा आपल्या हॉलचा जुना व निष्ठावंत प्रेक्षक असून, त्याने द्वेषाच्या कामी कधीही कुचराई केलेली नाही. एका रविवारी झालेला प्रकार अर्जदाराच्या आकसातून झाला असून त्यास कौतुक समजण्यात येऊ नये. सबब, श्री. कर्दनकाळ यांस पूर्वीच्याच दुष्टपणासह त्वरित पुन्हा रुजू करून घ्यावे. ते शक्य नसल्यास, सदर इसमाने अर्जदाराच्या राहत्या घरी, सकाळ-संध्याकाळच्या चहाच्या वेळा धरून, अर्जदाराचा रीतसर अपमान करावा, तसेच अर्जदाराची कपबशी विसळण्यास सदर इसमास कायमची मनाई असावी, असा लेखी आदेश आपल्या सही-शिक्क्यानिशी काढण्यात यावा, आणि त्याची एक प्रत माहितीसाठी व पुढील कार्यवाहीसाठी अर्जदाराच्या आईकडे पाठवण्यात यावी, ही नम्र विनंती."