रबरी नागाची दोरी

"पोरीचं भेव घालवू नको वं बाई," शेजारच्या पंचफुलाबाई म्हणाल्या होत्या. मी बी.ए. झालेली, हसून सोडून दिलं.

अनसिंगच्या टुरिंग टाकीजमध्ये नागिणींचे स्वस्तातले सिनेमे लागायचे. पडद्यावर रबरी नाग आला की मी चार वर्षांच्या विशाखाच्या कानात म्हणायची, "दोरी शोध!" त्याला ओढणारी दोरी दिसली की दोघी पोट धरून हसायचो.

मागच्या पोळ्याला गोठ्यात खरा नाग निघाला. विशाखानं त्याची शेपटी धरली. "आई, याची दोरी कुठंय?"

ती वाचली, पण बोटं वाकडी राहिली. "तुह्या शिक्षणाले आग लागो," म्हणत सासूबाई तिला मानोऱ्याला घेऊन गेल्या. मला भेटू देत नाहीत.

तिकडं गेलात तर तिला बघून या. साप दिसला की ती मागं सरते का, तेवढं कळवा.