जास्वंदीला आलेला कान

सोळाव्या दिवशी सकाळी जास्वंदीला कान आला. कळी नव्हे, अळंबी नव्हे, चांगला माणसाचा कान. मालनबाईंनी चष्मा पुसून पाहिला. पाळीवर तीळ होता, म्हणजे यांचाच. त्यांनी कुंडीत तांब्याभर पाणी घातलं आणि चहा ठेवला.

मिरजेतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत अठरा कुंड्या होत्या, सगळ्या नारायणरावांच्या. माणूस भारी अबोल. बायकोला दिवसाकाठी चार शब्द, आणि गुलाबाशी मात्र तासभर गप्पा! शेवटच्या संध्याकाळी फरशीवरचा चिखल बघून मालनबाई कडाडल्या होत्या, "एक दिवस सगळ्या कुंड्या खाली फेकून देईन!" नारायणरावांनी खुरपं खाली ठेवलं. हात धुऊन झोपले, ते उठलेच नाहीत.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं. लेक वैजू म्हणाली, "आई, त्यांचा जीव कशात अडकलाय ते तुला ठाऊक. कबूल कर काहीतरी." मालनबाईंनी हात जोडले. "अहो, तुमच्या कुंड्यांचं पाणी मी एक दिवसही चुकवणार नाही." कावळा लगेच उतरला.

तोच कावळा आता रोज सातला कठड्यावर यायचा. पाणी घालून होईतो बघायचा आणि जायचा.

कान आल्यावर मालनबाईंना फार बरं वाटलं, खोटं कशाला बोला! माती मोकळी करता करता त्या त्याला सगळं सांगायच्या, लेकीचं, गॅसचं, गुडघेदुखीचं. विचारायचं मात्र एकच होतं. "अहो, रागावून गेलात का?" कान ऐकायचा. पण कान बोलणार कसा?

मग मोगऱ्याला बोटं आली, नखांत माती भरलेली. वैजू न्यायला आली तेव्हा तिनेही ती पाहिली.

"बाबांची नखं वाढलीत," ती म्हणाली. "आई, चल माझ्याकडे बारामतीला. कुंड्या कुणाला तरी देऊन टाकू."

"अजून तोंड यायचंय गं."

"पिशवी भरलीय मी."

लेकीचं मन मोडवेना. वैजू पुढे, मालनबाई मागे. जिना उतरून त्या गॅलरीतच आल्या. पुन्हा उतरल्या, पुन्हा गॅलरी. खालून वैजूची हाक यायची, दर वेळी जरा लांबून. शेवटी त्यांनी पिशवी ठेवली आणि झारी भरायला घेतली.

त्यानंतर घर आटत गेलं. आधी बाहेरची खोली गेली, मग पलंग. स्वयंपाकघर गेलं तेव्हा नळ तेवढा गॅलरीत येऊन राहिला. मालनबाई कुंड्यांच्या मधे अंग चोरून झोपू लागल्या. तोंडाची वाट बघायची होती, दुसरं काय!

एका सकाळी गुलाबाला तोंड आलं. ओठ सुकलेले. मालनबाई त्यांच्यापाशी वाकल्या.

"अहो, बोला ना. रागावलात?"

"नाही गं."

त्या हमसून हमसून रडल्या. एवढ्यासाठी तर जीव अडकला होता, त्यांचा स्वतःचा.

"थकलोय, मालन," तोंड म्हणालं. "आता पाणी नको घालूस."

कठड्यावर पंख वाजले. सात वाजले होते. कावळ्याने मान वाकडी करून भरलेल्या झारीकडे पाहिलं. मालनबाईंनी झारीच्या तोटीवर तळहात घट्ट दाबून धरला, आणि पाणी बोटांच्या फटींतून गळायला लागलं.