ओठांची खूण

गाव जळाल्यापासून तीन महिन्यांत क्रिसांताच्या कुटुंबाने तिसऱ्यांदा बिऱ्हाड हलवले होते. आता मालारायात डोंगराच्या कुशीत, बांबूच्या बेटापासून चाळीस पावलांवर, झावळ्यांचे खोपटे होते. जपानी तुकडी चढून येत असल्याची वार्ता सकाळी आली, तेव्हा तिचा नवरा दोनातो त्या बेटात शिरला. तुकडी पुरुषांना धरून नेत असे आणि नेलेला एकही परतला नव्हता.

क्रिसांता रताळी सोलत होती. मोतीबिंदूने अधू झालेल्या सासूबाई, इनांग एपिफानिया, साली चाचपून म्हणाल्या, "जाड काढू नकोस गं. गव्हर्नरची सून नाहीस तू."

"म्हणजे तुम्हीही गव्हर्नरीणबाई नाही, इनांग."

तेवढ्यात चार सैनिक अंगणात आले. बरोबर डोक्यावर विणलेली पिशवी ओढलेला एक माणूस होता. पिशवीला डोळ्यांपुरती दोन भोके होती. असे खबरे आपल्यातलेच असत, म्हणून तर तोंड झाकून येत.

"हात वर! नवरा कुठे?" एका सैनिकाने मोडक्यातोडक्या बोलीत विचारले.

"मेला. हिवतापानं, गेल्या पावसाळ्यात."

तिचा आवाज जराही कापला नाही. पण पाच वर्षांच्या बेलेनने ते ऐकले आणि आईच्या कमरेला मिठी मारून हंबरडा फोडला, "आई, माझे बाबा मेले?"

क्रिसांताचे दोन्ही हात वर होते. हात मोकळे नसले म्हणजे या मुलखातली कुठली बाई वाट ओठांनी दाखवत नाही? लेकीला धीर द्यावा, एवढेच तिच्या मनात आले आणि ओठ आपसूक पुढे येऊन बांबूच्या बेटाकडे वळले. बेलेन हुंदका गिळून शांत झाली.

सैनिकाला काही उमगले नाही. तो हातांकडे पाहत होता. पिशवीवाल्याने मात्र बेटाकडे मान वळवली.

दोनातोला बांधून उताराने नेताना त्याने एकदाही मागे पाहिले नाही. बायको खोटी ठरू नये, म्हणूनच असेल.

खोपटे पेटवले गेले. तिघी वरच्या रानाकडे निघाल्या.

"त्या पिशवीवाल्याला कळलं तरी कसं गं?"

"ठाऊक नाही, इनांग."

"ज्या तोंडानं माझा लेक दाखवला, त्या तोंडात किडे पडोत!"

"हो, इनांग."

सासूबाई वाटभर त्याच तोंडाला शाप देत राहिल्या, आणि क्रिसांता प्रत्येक शापाला 'हो' म्हणत राहिली.