पोटरीवर फिरलेलं लाटणं

मी लाटणं बोलतोय. नेरूळच्या एका बंद फ्लॅटमधून, ओट्याखालच्या खणातून. घरात ऐकायला कुणी नाही, म्हणून जरा मोकळेपणाने सांगतो.

कराडच्या एका कातार्‍याने मला शिसवाच्या तुकड्यातून घडवलं. बाजारात गीतांजलीच्या आईने मला उचललं, तळहातावर फिरवून पाहिलं आणि लेकीच्या रुखवतात ठेवलं. माझं आयुष्य पोळपाटावर जाणार, हे तेव्हाच ठरलं होतं. निदान मला तरी तसं वाटलं होतं.

गीतांजलीचे यजमान प्रसाद जहाजावर इंजिनिअर. लग्नानंतर महिनाभर घरात घडीच्या पोळ्या झाल्या, पुरणपोळ्या झाल्या. मग ते जहाजावर गेले आणि घर गप्प झालं. इमारत नवी कोरी, पण निम्म्या दारांना कुलपं. माणसं राहायला यायची होती अजून. एकट्या माणसासाठी कणीक ती किती मळणार? दोन पोळ्या सकाळी केल्या की त्याच संध्याकाळी. बाकीचा दिवस मी खणात आणि ती खिडकीत.

शाळेत असताना गीतांजली पळायची म्हणे. एके दिवशी तिने कॅनव्हासचे बूट आणले आणि पहाटे निघाली. खालचे रस्ते रुंद आणि रिकामे. घामाने निथळत परत आली, तेव्हा स्वतःशीच गुणगुणत होती. त्या घरात तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

त्या वर्षी थंडीत एका क्रीडा मंडळाने तीस किलोमीटरची शर्यत ठेवली. बेलापूरहून निघायचं, ठाणे-बेलापूर रस्त्याने तुर्भ्यावरून तळवलीच्या फाट्यापर्यंत जायचं आणि वळसा घालून परत. गीतांजलीने नाव दिलं. आणि नेमका त्याच सकाळी प्रसादचा फोन यायचा होता. जहाज बंदराला लागलं की ते फोन करायचे, तोही तळमजल्यावरच्या स्मिताच्या घरी, कारण आमच्याकडे फोन नव्हता.

"अगं, टेन्शन कशाला घेतेस? मी सांगीन ना, पळायला गेलीय म्हणून," स्मिता म्हणाली.

"नको गं. दोन महिन्यांनी येतोय फोन. मी पोहोचते बघ त्याआधी."

ती पोहोचली नाही. सुरुवातीपासूनच पुरुषांच्या बरोबरीने सुसाट सुटली होती. परतीच्या वाटेवर तुर्भ्याला पोटरीत असा गोळा आला, की ती रस्त्याच्या कडेला मटकन खालीच बसली. मार्केटमधून कांदे घेऊन निघालेल्या एका टेम्पोवाल्याने तिला दारापर्यंत आणून सोडलं. फोन येऊन गेला होता.

ती भिंतीला धरून स्वयंपाकघरात आली आणि फरशीवर पाय पसरून बसली. पोटरी दगडासारखी झाली होती. पाय चोळून द्यायला घरात दुसरे हात नव्हते. तिने इकडेतिकडे पाहिलं, खण ओढला आणि मला बाहेर काढलं.

टाचेपासून वर, गुडघ्यापासून खाली. आधी हलकं, मग जरा दाबून. ओठ दातांखाली धरून ती मला फिरवत राहिली. कणकेचा गोळा लाटायची मला सवय होती, हा गोळा मात्र जिवंत होता. बर्‍याच वेळाने तो माझ्याखाली सैल पडला. मग ती रडली. पाय दुखत होता म्हणून नव्हे, एवढं मला कळलं.

त्या दिवसापासून माझं काम बदललं. रोज पळून आली की भिंतीला तळवे टेकून, टाच जमिनीवर रोवून ती पोटरी ताणायची आणि मग मला फिरवायची. माझ्यावर पिठाऐवजी तेलाचा वास चढला.

स्मिता वर येऊन ओट्याला टेकायची. "तुला मीठ कमी पडतंय बाई. मिठाचं पाणी पी."

गीतांजली एकदा इतकं खारट पाणी प्यायली, की पळता पळता रस्त्यातच ओकली. मग केळी झाली. मग कुणी सांगितलं म्हणून रात्री पायांना घट्ट पट्ट्या बांधून झाल्या. गोळा यायचा तेव्हा येतच होता.

एकदा मला फिरवता फिरवता ती मध्येच थांबली. "स्मिता, मीठ-पाणी तर मी रोज सारखंच घेते गं. पण ज्या दिवशी सुरुवातीलाच दामटते ना, त्याच दिवशी पाय धरतो. पायाला जेवढं शिकवलंय, त्याच्यापेक्षा जास्त मागते मी."

मग ती हळू पळायला शिकली. दर रविवारी थोडं थोडं अंतर वाढवायची. पारसिकच्या टेकडीच्या चढावर सावकाश जायची. लिंबू, साखर आणि चिमूटभर मिठाचं पाणी घोट घोट प्यायची. पाय थकला की दुसर्‍या दिवशी त्याला सुट्टी.

पुढच्या वर्षीच्या शर्यतीला प्रसाद रजेवर घरी होते. मला तिच्या पोटरीवर फिरताना पाहून आधी हसले. "लाटण्याने पाय? कमाल आहे तुझी!" पण मग म्हणाले, "परतीला तुर्भ्यालाच गोळा आला होता ना? मी नाक्यावर उभा राहतो, सरबत घेऊन. गरज पडली तर पायही चोळून देतो."

त्या रात्री गीतांजलीने पिशवी भरली. सरबताची बाटली, टॉवेल आणि मी. पिशवी दाराशी ठेवताना तिचा चेहरा असा उजळला होता, की मलाही भरून आलं.

पहाटे ती निघाली. "उठताय ना?"

"हो पुढे. मी आलोच."

ऊन दाराशी आलं, तेव्हा ते उठले. चहा केला. पिशवीकडे एकदा बघितलं. टीव्हीवर मॅच लागली होती. "एवढी ओव्हर झाली की निघतो," असं स्वतःशीच म्हणाले. मग पुढची ओव्हर. मग त्याच्या पुढची. मी पिशवीत आडवा पडून होतो. मला पाय असते तर मी एकटाच तुर्भ्याला गेलो असतो.

दुपारी दार उघडलं. गीतांजली चालत आली होती, स्वतःच्या पायांवर. गळ्यात पितळी रंगाचं पदक.

प्रसाद गडबडीने उठले. "अगं, निघतच होतो मी. पोहोचलीस ना पण?"

"पोहोचले."

तिने दाराशी वाकून पिशवी उचलली आणि मला खणात ठेवलं. तेवढ्यात स्मिता पेढे घेऊन आली. "काय गं, आला नाही ना गोळा?"

"यायला लागला होता. तुर्भ्याला पोटरी फडफडायला लागली. मी नाक्यावर बघितलं, कुणी नव्हतं. मग उभ्या ट्रकला हात टेकून पाय ताणला, मंडळाच्या टेबलावरचं पाणी प्यायले, थोडी चालले." "कुणी वाट बघत नाहीये म्हटल्यावर घाई कसली? माझ्या चालीने आले."

प्रसादनी टीव्हीचा आवाज कमी केला.

त्यांच्यात भांडण झालेलं मी कधी ऐकलं नाही. रजा संपली, ते गेले. पुढच्या रजा आखूड होत गेल्या. गीतांजली आणखी शर्यती पळाली, पण मला क्वचितच बाहेर काढलं. गोळे यायचे थांबले होते. माझं काम इतकं चोख झालं, की मला कामच उरलं नाही. याचा आनंद मानावा की दुःख, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिला कराडजवळच्या एका मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिकेची नोकरी लागली. सामान बांधताना स्मिताने विचारलं, "लाटणं नाही नेत?"

गीतांजलीने मला हातात घेतलं. उभ्याउभ्या एकदा पोटरीवरून फिरवलं. "तिथे मेस आहे गं. आणि पोरींना मी आधीच हळू पळायला शिकवीन." मग मला जागेवर ठेवलं. खण बंद केला. दाराचं कुलूप लागल्याचा आवाज आला.

इमारत आता भरली आहे. वरून पोरांची धावपळ ऐकू येते, शेजारून कुकरच्या शिट्ट्या. कुणाच्या तरी घरी पोळ्या लाटल्या जातात, तो ठेका भिंतीतून माझ्यापर्यंत पोहोचतो. या खणात मात्र झुरळांखेरीज कुणी येत नाही.

लांब पळणार्‍यांनो, पायाचं ऐका. तो ओरडायच्या आधी कुजबुजतो. आणि घरातलं कुणी लांबच्या वाटेवर गेलं असेल, तर नाक्यावर जाऊन उभे राहा. ओव्हर संपायची वाट बघू नका.

एवढंच सांगायचं होतं. कधी कुणी हे कुलूप उघडलंत, तर मला पोळपाटावर घ्या नाहीतर पोटरीवर. दोन्ही कामं मला येतात.